चॉकलेटच्या वडीची कुळकथा

गेल्या दिवाळीतील गोष्ट आहे. आमच्या बदलीच्या गावी मराठी कुटुंबे मोजकीच. त्यामुळे फराळाची ताटे घरोघर फिरतात आणि कोणाच्या चकलीला काटा सुटला, कोणाचे अनारसे तुपात हसले, याची वार्ता संध्याकाळपर्यंत सर्वांस कळते. या वेळी एका घरच्या ताटात करंज्या आणि शंकरपाळ्यांच्या शेजारी गर्द तपकिरी रंगाच्या चौकोनी वड्या होत्या. वर काजू आणि अक्रोडाचे तुकडे दाबून बसविलेले. मुलांनी प्रथम त्याच संपविल्या. आमच्यातील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी एक वडी तोंडात टाकली, समाधानाने मान डोलविली आणि ते म्हणाले, "वहिनी, वडी उत्तम जमली आहे. पण हे काही आपले नव्हे."

वहिनी म्हणाल्या, "भाऊसाहेब, पाक मीच केला आणि घोटून हातही माझेच दुखले. आपले म्हणजे आणखी काय असते?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. अमुक पदार्थ कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांना दर तीनचार वर्षांनी आपला संसार नव्या गावी मांडावा लागतो, त्यांना तो पदोपदी भेटत असतो. काय जपावे, काय स्वीकारावे आणि मुलांना आपले म्हणून काय सांगावे, याचा निर्णय त्यांना रोजच्या स्वयंपाकातही करावा लागतो. म्हणून त्या वडीचे कूळ शोधून पाहावे असे मनात आले. शोध घेता घेता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

वडीतील मुख्य द्रव्य कोको. तो ज्या झाडापासून मिळतो त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. आजच्या एक्वाडोर देशात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत त्याचे अंश सापडले असून, ते संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फणसाप्रमाणे याची फळेही थेट खोडाला लागतात. फळ फोडले की पांढऱ्या, आंबटगोड गरात गुरफटलेल्या बिया दिसतात. त्या तशाच वाळविल्या तर त्यांना चॉकलेटचा गंध येत नाही. गरासह काही दिवस आंबवून, मग वाळवून व भाजून घेतल्यावरच तो प्रकट होतो. हे गुपित मेक्सिको व मध्य अमेरिकेतील लोकांना युरोपची ओळख होण्यापूर्वी शतकानुशतके ठाऊक होते.

युरोपियनांनी या बिया प्रथम पाहिल्या तो प्रसंग मोठा बोधप्रद आहे. १५०२ मध्ये कोलंबसाच्या चौथ्या सफरीत होंडुरासच्या किनाऱ्याजवळील ग्वानाहा बेटापाशी त्याला व्यापारी मालाने भरलेली एक मोठी होडी आढळली. कोलंबसाचा मुलगा फर्नांडो त्या वेळी जेमतेम चौदा वर्षांचा असून तो बापाबरोबर होता. पुढे त्याने लिहून ठेवले की, त्या मालात एक प्रकारचे बदाम होते आणि त्यांतील काही खाली सांडले तेव्हा होडीतील माणसे ते वेचण्यासाठी विलक्षण लगबगीने वाकली. ते बदाम म्हणजेच कोकोच्या बिया होत. एवढी आटापीट कशासाठी, हे त्या परक्यांना उमगले नाही. त्या प्रदेशात या बिया नाण्यांप्रमाणे चालत असत. १५४५ मधील त्लाश्काला येथील एक दरपत्रक उपलब्ध आहे. त्यात टर्की जातीच्या एका मादीची किंमत १०० चांगल्या बिया अशी नोंदलेली आहे. खिशातून रुपये सांडले तर कोण वाकणार नाही?

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. नव्या वस्तूला माणूस जुन्याच ओळखीचे नाव देतो. स्पॅनिश मुलाला कोकोत बदाम दिसला. आपल्याकडेही अमेरिकेहून आलेल्या एका शेंगेत आपल्या पूर्वजांना मूग दिसला आणि ती जमिनीखाली धरते म्हणून तिला त्यांनी भुईमूग म्हटले.

मेक्सिकोतील चॉकलेट हे खाण्याचे नव्हे, तर पिण्याचे द्रव्य होते. भाजलेल्या बिया उतरत्या दगडी पाट्यावर दुसऱ्या दगडाने वाटीत. पाट्याखाली विस्तव ठेवला म्हणजे बियांतील स्निग्धांश वितळून लगदा सुटा होई. त्यात पाणी, मिरची, सुवासिक फुले, क्वचित मध मिसळून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतीत, म्हणजे त्यावर फेस धरे. पुढे स्पॅनिश अमलात फेसासाठी लाकडी रवी वापरात आली. ती दोन तळहातांत धरून घुसळतात. पाटावरवंटा आणि रवी यांनी होणारे हे काम मुख्यतः स्त्रियांचे होते. चॉकलेटच्या इतिहासाचा हा पहिला अध्याय म्हणता येईल. पेय सरदारांच्या आणि योद्ध्यांच्या ओठी लागत असले, तरी ते सिद्ध होत होते घरातील स्त्रीच्या हातून.

स्पेनमध्ये गेल्यावर या पेयाचे रूप पालटले. १६३१ मध्ये आंतोनिओ कोल्मेनेरो दे लेदेस्मा या वैद्याने चॉकलेटवर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दिलेल्या कृतीत शंभर बियांना दोन मिरच्या, बडीशेपेच्या जातीचे सुगंधी बी, दालचिनी आणि अर्धा पौंड साखर सांगितली असून, त्याबरोबर डझनभर बदाम आणि तितकेच हेझलनट घालावेत असे म्हटले आहे. हेझलनट म्हणजे युरोपच्या डोंगराळ भागात पिकणारे, कठीण कवचाचे, आपल्या चारोळीची आठवण देणाऱ्या चवीचे गोल फळ. वहिनींच्या वडीतील कोको, साखर आणि सुकामेवा ही त्रयी अशा रीतीने चारशे वर्षांपूर्वी एकत्र आलेली दिसते. ज्या बियांना प्रथम बदाम समजण्यात आले, त्यांत खरे बदामही लौकरच पडले.

परंतु या त्रयीतील साखर कोठून येत होती, हे विसरून चालणार नाही. ऊस आपल्या बाजूचा, साखर हा शब्दही संस्कृत शर्करेच्या कुळातला. पण सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपच्या पेल्यात पडणारी साखर मुख्यतः ब्राझील आणि वेस्ट इंडीजमधील मळ्यांतून येत होती आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत होते. अटलांटिक महासागरावरून गुलाम म्हणून जहाजांत चढविलेल्या माणसांची संख्या इतिहासकार सुमारे सव्वा कोट मानतात. त्यांतील फार मोठा भाग साखरेसाठी खपला. ब्रिटिश साम्राज्यात १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे दृष्टी वळविली. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. त्यांत मुंबई इलाख्यातून, कोकणातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे स्वतःला मराठी म्हणवितात आणि गणेशचतुर्थी साजरी करतात. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसांचा विचार करताना त्यांची आठवण ठेवणे आपणांस उचित आहे. आपण बदलीच्या हुकमाने जातो, परतीची वाट मोकळी असते. त्यांच्यापैकी कित्येकांना ती नव्हती.

एकोणिसाव्या शतकात यंत्राने चॉकलेट स्वयंपाकघरातून उचलून कारखान्यात नेले. कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो. १८२८ मध्ये ॲमस्टरडॅममधील व्हॅन हाउटेन यांनी दाबयंत्राने तो काढून घेण्याच्या पद्धतीचे स्वामित्व मिळविले. मागे उरलेल्या चोथ्याची पूड म्हणजेच आपल्या डब्यातील कोको. निघालेल्या स्निग्धांशाचे काय करावे, या प्रश्नातून खाण्याचे चॉकलेट जन्मास आले. १८४७ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथे फ्राय यांच्या कारखान्यात कोकोची पूड, साखर आणि हा वितळलेला स्निग्धांश एकत्र करून साच्यात घातलेली वडी तयार झाली. स्वित्झर्लंडमधील व्हेव्हे येथे डानिएल पेटर याने १८७५ मध्ये घट्ट केलेल्या दुधाच्या साह्याने दुधाचे चॉकलेट साधले. १८७९ मध्ये बर्न शहरी रोडोल्फ लिंट याने तासन्तास घोटण्याचे यंत्र सिद्ध केले. त्याने चॉकलेटला आजचा मऊपणा आला. जे काम पाट्यावर गुडघे टेकून होत होते, ते आता वाफेच्या बळावर होऊ लागले. घरात अशी वडी करणे जवळजवळ अशक्य होऊन बसले.

याच काळात इटलीतील तोरिनो शहराने सुकामेव्याचे महत्त्व वाढविले. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली, त्यामुळे कोको दुर्मीळ झाला आणि तेथील मिठाईवाले त्यात स्थानिक हेझलनटची पूड मिसळू लागले, अशी कथा सांगतात. तिच्याविषयी अभ्यासकांना शंका आहे. तथापि १८६५ च्या सुमारास तेथे हेझलनटयुक्त चॉकलेटच्या, उलट्या होडीच्या आकाराच्या छोट्या वड्या विकल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत, १९४६ मध्ये, जवळच्या आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो याने तीच युक्ती पुन्हा योजिली आणि पावावर कापून ठेवता येईल असा स्वस्त गोळा तयार केला. १९६४ पासून बरणीत मिळू लागलेले न्यूटेला हे त्याचेच पुढचे रूप. महाग वस्तू पुरवठ्यास आणण्यासाठी तिच्यात परसातले काही मिसळावे, ही गृहिणीची बुद्धी येथे कारखानदाराने उसनी घेतली.

आता वहिनींच्या वडीच्या सख्ख्या पूर्वजाकडे वळू. ही वडी कारखान्यातील चॉकलेटपासून निराळी आहे. तिचे अमेरिकेतील नाव फज. तिचा प्राचीनतम विश्वसनीय उल्लेख एका विद्यार्थिनीच्या पत्रात मिळतो. एमलिन हार्ट्रिज ही न्यूयॉर्क राज्यातील व्हासर या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत होती. तिने मागाहून लिहिले की, १८८६ मध्ये बाल्टिमोर शहरी ही मिठाई ४० सेंटला एक पौंड या भावाने विकली जात असे. तिची कृती तिने एका मैत्रिणीच्या आप्तांकडून मिळविली आणि १८८८ मध्ये महाविद्यालयातील एका लिलावासाठी ३० पौंड वडी करून दिली. कृती अगदी साधी होती. दोन वाट्या साखर, एक वाटी मलई, दोन औंस बिनसाखरेचे चॉकलेट आणि चमचाभर लोणी. अल्पकाळातच अन्य महिला महाविद्यालयांतूनही ही वडी पसरली. वसतिगृहाच्या खोल्यांतून मुली गॅसच्या दिव्यावर किंवा स्पिरिटच्या चुलीवर, दिवे मालवण्याच्या वेळेनंतरही ती शिजवीत. पुढे तिच्यात अक्रोडाचे तुकडे घालण्याचा प्रघात पडला.

या लहानशा घटनेला मी इतिहासात महत्त्व देतो. त्या मुली घरापासून प्रथमच दूर राहत होत्या. स्त्रियांना उच्च शिक्षण असावे की नसावे, यावर तेव्हा वाद चालू होता. अशा वेळी परक्या खोलीत चार जणींनी मिळून काही शिजविणे, हे स्वतःचे घर मांडण्यासारखेच होते. दुसरे असे की, ज्या यंत्राने चॉकलेट घरातून नेले होते, त्यानेच ते परत आणून दिले. कारखान्याने सिद्ध केलेले चॉकलेट आणि स्वस्त पांढरी साखर हाताशी आली म्हणूनच ही वडी शक्य झाली. पुढे गेल बोर्डन याने १८५६ मध्ये ज्याचे स्वामित्व घेतले होते ते डब्यातील घट्ट दूधही तिच्यात पडू लागले आणि कृती आणखी सोपी झाली.

आता कृतीतील मर्म पाहा. साखर आणि दूध उकळू लागले म्हणजे पाक किती झाला हे ओळखणे, हीच खरी कसोटी. अमेरिकन पुस्तके सांगतात की, थंड पाण्यात थेंब टाकावा. त्याची बोटांनी मऊ गोळी वळली की भांडे उतरावे. आपल्या घरांत यालाच गोळीबंद पाक म्हणत आलो आहोत. समुद्रसपाटीवर हा पाक साधारण ११४ अंश सेल्सिअसला येतो. परंतु उंचीवर पाणी लौकर उकळते. सुमारे २२४० मीटर उंचीवरील उदकमंडलम येथे हा आकडा सातआठ अंशांनी खाली येतो. सिमला किंवा शिलाँग येथे बदली झालेल्यांनी म्हणून उष्णतामापकावर विसंबू नये, पाण्यातील गोळीवर विसंबावे. ती सर्वत्र खरे बोलते. पाक उतरविल्यावर कोमट होईपर्यंत त्यात कालथा घालू नये. घाई केली तर साखरेचे खडे मोठे बनतात आणि वडी रवाळ होते. निवल्यावर मात्र चकाकी जाईपर्यंत घोटावे, म्हणजे कण बारीक राहतात. मग सुकामेवा मिसळून, तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडाव्यात. नारळाची वडी करणाऱ्या कोणत्याही मराठी गृहिणीला यात शिकण्यासारखे नवे काय आहे? फक्त निवू देण्याचा संयम, एवढेच.

कोकोच्या स्वस्ताईचाही हिशेब मांडावयास हवा. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावरून बराच कोको इंग्लंडात येई. तेथील मजूर अंगोलातून आणलेले, नावाने करारबद्ध पण वस्तुतः गुलाम होते. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने प्रत्यक्ष प्रवास करून १९०६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. कॅडबरी कंपनीचे चालक क्वेकर पंथाचे, गुलामगिरीचे विरोधक. त्यांच्या कानावर ही गोष्ट १९०१ च्या सुमारास आली होती. परंतु त्या बेटावरील खरेदी त्यांनी थांबविली ती १९०९ मध्ये. स्टँडर्ड या वृत्तपत्राने त्यांच्यावर ढोंगाचा आरोप केला, तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या डिसेंबरात पंचांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. न्यायाच्या इतिहासात इतक्या थोड्या पैशांत इतका मोठा अभिप्राय क्वचितच व्यक्त झाला असेल. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांतून येतो आणि तेथील मळ्यांतील बालमजुरीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

आपल्या देशात कोकोचे झाड प्रथम १७९८ मध्ये आजच्या तमिळनाडूतील कुर्ताळम येथे लावले गेले. तरी त्याची व्यापारी लागवड वाढली ती १९६० नंतर, तीही दक्षिणेत, सुपारी व नारळाच्या बागांच्या सावलीत. १९८० च्या सुमारास भाव कोसळले, तेव्हा कॅम्पको ही १९७३ मध्ये स्थापन झालेली सुपारीबागायतदारांची सहकारी संस्था शेतकऱ्यांचा कोको विकत घेण्यास पुढे आली. तिने १९८६ मध्ये कर्नाटकातील पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभारला. चॉकलेट येथे उशिरा रुजले याचे एक कारण हवामानात आहे. कोकोचा स्निग्धांश ३४ अंशांच्या आसपास वितळतो. आपल्या मैदानी भागात वैशाखात हवाच त्याहून तापलेली असते. म्हणूनच घरगुती चॉकलेटची कीर्ती झाली ती उदकमंडलम आणि कोडईकनाल या थंड गावी. तेथे चॉकलेट वितळवून, बदाम व मनुका घालून ताटात ओतले की ते आपोआप घट्ट होते. मैदानात राहणाऱ्यांनी पाकाची वडी करावी हे उत्तम, कारण तिला साखर सावरून धरते. मात्र पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली पाहिजे.

असो. आता भाऊसाहेबांच्या आक्षेपाकडे येऊ. कोको आपला नव्हे, हे कबूल. परंतु वडीवरील काजू तरी कोठला? तो ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि नावही तिकडचेच घेऊन आला. लोणावळ्याच्या चिक्कीतील शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतलाच, म्हणजे कोकोचा गाववाला. फराळाच्या चिवड्यातील मिरचीही त्याच बाजूची. या साऱ्यांना आपण इतक्या जुन्या काळी घरात घेतले की, ती परकी होती याचाही विसर पडला. चॉकलेटचेही तसेच चालले आहे. कागदात गुंडाळलेली कोणतीही गोळी मराठी मुलाच्या लेखी चॉकलेटच असते, मग तीत कोकोचा कणही नसो. शब्द घरात आला की वस्तू मागोमाग येतेच.

तेव्हा वहिनींचे म्हणणे मला अधिक ग्राह्य वाटते. जे आपण स्वतःच्या हातांनी करतो, चारजणांत वाटतो आणि पुढील पिढीला शिकवितो, ते आपले होते. मात्र भाऊसाहेबांच्या वाक्यातील सत्यही सोडता येत नाही. हे आपले नव्हते, ही जाणीव असली तरच त्यामागच्या ऋणाचे स्मरण राहते. पाट्यावर बिया वाटणाऱ्या मेक्सिकन स्त्रिया, साखरेच्या मळ्यांतील गुलाम, रत्नागिरीहून मॉरिशसला गेलेले मजूर आणि आजही आफ्रिकेत कोकोची फळे फोडणारी मुले यांचे काही देणे त्या लहानशा वडीत आहे.

परवा वहिनींकडे जाणे झाले. त्यांच्या कृतींच्या जुन्या वहीत अनारशांच्या खाली ही वडी लिहिलेली पाहिली. शेवटी शाईने दोन शब्द अधोरेखित केले होते, "निवू द्यावे." त्यांची बदली पुढील महिन्यात आहे. वही अर्थातच बरोबर जाईल. भाऊसाहेबांनी जाण्यापूर्वी वड्यांचा एक डबा मागून घेतला आहे.